कार्पेट उचललं तर खाली रस्ता

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या ना. कुरडयांसाठी नाही हो, त्या वाळल्या की तुमचा डबा भरून देते. हे बघायला बोलावलं. घ्या हातात हा कार्पेटचा तुकडा. घाबरू नका, दोनदा धुतलाय. रंग कोणता सांगा बघू? तपकिरी? ऐका आता! मरून आहे तो. म्हणजे १९९१ साली मामंजींनी गाडीत घालून घेतला तेव्हा मरून होता. उलटा करा, पाठीमागून बघा. दिसला ना? वरचा सगळा उन्हानं खाल्ला.

महिनाभर आमच्या अंगणात कसली ठोकाठोक चाललीय, हे तुम्ही परवा मावशींना विचारत होतात म्हणे. त्यांनीच सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, तुमच्याकडचंही नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. मला सरळ विचारलं असतं तर त्या निमित्तानं चहा तरी झाला असता.

गाडीचंच काम होतं. आमची पद्मिनी. १९८६ सालची, एमएच यायच्या आधीची, तीन अक्षरांच्या नंबरप्लेटची. सगळे तिला फियाटच म्हणायचे. मुळात इटलीची फियाट अकराशे ती, कुर्ल्याच्या कारखान्यात व्हायची, पुढे चितोडच्या राणीचं नाव मिळालं. मामंजी मूळचे सोलापूरचे, त्यामुळे वालचंद हिराचंद म्हणजे घरातलेच. वालचंदशेठनी १९४४ साली प्रीमियर काढली, हे वाक्य लग्न झाल्यापासून दर दिवाळीला चकलीबरोबर ऐकलंय मी.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या याच की. शेवटची ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. टॅक्सीला तिथे वीस वर्षांची मुदत, ती भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ला पद्मिनी टॅक्सी संपली. त्या दिवशी हे नीट जेवले नाहीत. काढली टॅक्सी मुंबईत, सुतक आमच्या घरात! तेव्हापासून डोक्यात घेतलंय की आपली जपायची. २०३६ला तिला पन्नास पूर्ण होतील. मग म्हणे 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेजचा नंबर घेता येतो. २०२१चा नियम आहे. पन्नास वर्षं भरलेली हवीत आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. कार्पेट बदललेलं चालतं, असा यांनी आपला अर्थ काढला आणि एका रविवारी नाना पेठेतून गुंडाळी घेऊन आले. काळ्या रंगाची. म्हणाले, जुन्यावरच चिकटवून टाकू, दोन तासांचं काम.

मी म्हटलं, थांबा. मळक्या परकरावर नवं लुगडं नेसायचं का?

तुम्हाला त्या गाडीतला वास आठवतो ना? थेऊरला गेलो होतो आपण, तुम्ही सगळा वेळ काच खाली करून बसला होतात. ओल्या गोणपाटाचा वास. डांबरगोळ्या झाल्या, कापूर झाला, कुणीतरी कॉफीची पूड ठेवा म्हटलं म्हणून तीही ठेवली. मग ओल्या गोणपाटात कॉफी सांडल्याचा वास यायला लागला. वास येतोय म्हणजे कुठेतरी ओल आहे, एवढं साधं आहे ते. भिंतीला ओल आल्यावर आपण वॉलपेपर लावतो का?

शिवाय समोर उदाहरण होतं की. कोपऱ्यावरचा बंगला. नाव नका घेऊ, त्यांच्याकडे मावशींची बहीण कामाला आहे. त्यांची ती पांढरी मोठी गाडी, घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती. पुढे डाव्या बाजूला पायाखाली पाणी साचायला लागलं. ज्यांच्याकडे नेली त्यांनी काय केलं, तर कार्पेट शॅम्पूनं धुतलं, वरून 'फ्लोअर लॅमिनेशन' चिकटवून दिलं आणि त्यावर ती चौकटी-चौकटीच्या शिलाईची सेव्हन-डी मॅट. दिसायला काय, सोफासेट! पण पाणी यायचं थांबलं कुठे होतं? खाली येतंय आणि वर प्लॅस्टिक, मग ते जाणार कुठे? आतल्या आत मुरलं. मावशींची बहीण सांगते, आळंबी उगवली होती. ती तिखटमीठ लावते, पण एअरबॅगचा दिवा लागून राहिला होता हे खरं, त्यांनी स्वतः सांगितलं यांना. हल्लीच्या गाड्यांत सीटखाली वायरींचे जोड असतात, ते गंजले.

आणि मूळ दुखणं काय निघालं? एसीचं पाणी बाहेर टाकणारी बोटाएवढी रबरी नळी असते. तिच्यात कचरा अडकला होता. बस. खालून तार घालून सुटलं ते.

अहो, पहिल्याच दिवशी बोट बुडवून बघायचं होतं. साधं पाणी आणि तेही एसी लावल्यावरच, तर ती नळी. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर, तर काचेचं रबर नाहीतर दार. आणि चिकट, गोडसर वासाचं, रंगीत असेल तर इंजिनातलं कूलंट, हीटरकडून गळतंय. ते मात्र चाखून बघू नका, विषारी असतं. तुम्ही आमटी चाखता तशी कशालाही जीभ लावता म्हणून सांगितलं.

तर काढायचं ठरलं. आधी सीट. पुढची आमची सलग, बाकासारखी, गिअर स्टिअरिंगपाशी ना. बोल्ट काढायलाच दोन दिवस. गंजून एकजीव झाले होते. आणि जोर करायची सोय नाही, कारण खालचा नट पत्र्यालाच जोडलेला असतो. तो सुटून गरगर फिरायला लागला की मग कापण्यावाचून गती नाही. यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, बरणीचं झाकण उघडत नसेल तर बरणी फोडतील. मी पाना लपवून ठेवला. रात्री गंज सोडवायचं तेल मारलं, सकाळी हलका हिसका, थोडा सैल झाला की उलटा परत आवळायचा, परत तेल, परत सैल. असं करत तिसऱ्या दिवशी चारही निघाले. एकही तुटला नाही. मग दारातल्या उंबऱ्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि मग कार्पेट.

उचललं आणि वहिनी, खाली रस्ता! खरंच. ड्रायव्हरच्या पायाशी तळहाताएवढं भोक आणि त्यातून आमच्या अंगणातली शहाबादी फरशी दिसतेय. वर कार्पेट ताणून बसलं होतं म्हणून इतकी वर्षं हे अधांतरी पाय ठेवून गाडी चालवत होते. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, त्याचे पाय तसेही जमिनीवर कधी नव्हते.

काय झालं होतं सांगते. कार्पेटखाली तागाचा नमदा घातला होता त्या वेळच्या कारागिरानं. तशीच पद्धत होती. पण ताग पाणी धरतो. वरून हात लावावा तर कोरडं, आणि खाली पत्र्याला वर्षानुवर्षं ओलं पोटीस बांधल्यासारखं. माणसाला वाटतं कार्पेट चालून चालून झिजतं. टाचेखाली झिजतं, नाही असं नाही. पण गाडी खाल्ली जाते ती खालून.

नमद्यात काय काय निघालं म्हणता? चिंचोके. केसाच्या आकड्यांचा पुडा भरेल इतके आकडे. चार आण्यांची तीन नाणी, २०११ पासून बंद झालेली. आमच्या धाकट्याचा दुधाचा दात, असं हे म्हणतात. मला तो पोह्यातला खडा वाटला.

पण खरी गंमत वेगळीच. कार्पेट धुऊन गच्चीवर उताणं पसरलं ना, तेव्हा कोण कुठे बसायचं ते सगळं त्यावर उमटलेलं दिसलं. ड्रायव्हरच्या उजव्या टाचेखाली भोक, गोल, मऊ, कडेचे धागे लोंबणारे. माणूस ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतो तेव्हा टाच एकाच जागी टेकलेली असते, ती तिथेच फिरते. शेजारच्या बाजूला दोन खोलगट खड्डे. ते सासूबाईंचे. चाळीस वर्षं त्या तिकडून ब्रेक दाबत आल्यात.

आणि मागे डावीकडे... इकडे या जवळ, सासूबाई आत आहेत, दिसत कमी असलं तरी ऐकू बरोबर येतं. तुमच्या हातात आहे तो तिथलाच तुकडा. त्याला भोकं किती आहेत मोजा. पाच ना? आता कडेवरून बोट फिरवा. कडक लागतं? मणी मणी झालेत? घासून पडलेल्या भोकाची कड मऊ असते. हा धागा नायलॉनचा, तो जळत नाही नीट, वितळतो आणि गोठून असा मणी होतो. ही भोकं सिगारेटची आहेत, वहिनी. आणि मागे डावीकडे कायम कोण बसायचं? मोठे भाऊजी! जे रोज सकाळी मैदानात तुम्हाला सगळ्यांना प्राणायाम शिकवतात आणि 'आयुष्यात कधी शिवलो नाही' म्हणून सांगतात. मोठ्या जाऊबाई तर त्यांच्या फुप्फुसांचं कौतुक पाहुण्यांना ऐकवतात. मी अजून कुणाला बोलले नाही. तुम्हालाच पहिल्या.

बरं, पाण्याचं. पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय एक टाका घालायचा नाही असं मी ठरवलं होतं. गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून बुधवारचा मुहूर्त धरला. तुमच्या चिरंजीवांनी बागेचा पाइप धरला होता. बोलला नाही तुम्हाला? क्लासला गेला होता म्हणाला? बरं, मी काही बोललेच नाही समजा.

मी आत बसले, बॅटरी घेऊन, दारं-काचा बंद. उघड्या पत्र्यावर सगळीकडे अंगाला लावायची पावडर भुरभुरली. पाणी आलं की पावडरीत ओघळ उमटतो आणि तो कुठून निघाला ते मागे मागे जाऊन बघता येतं. कारण पाणी साचतं तिथून ते शिरलेलं नसतं. काचेपाशी शिरेल आणि मागच्या सीटखाली जाऊन बसेल. आणि पाइप खालून सुरू करायचा. आधी उंबरा, पाच मिनिटं थांबायचं, मग दार, मग काच, सगळ्यात शेवटी छप्पर. एकदम वरून ओतलं तर सगळीकडूनच वाहतं, काही कळत नाही. चिरंजीवांना हे समजावून सांगितलं होतं. त्यानं सुरुवात माझ्या बाजूच्या काचेच्या फटीतून केली. असो.

दोन जागा सापडल्या. पुढच्या काचेच्या रबराचा उजवा खालचा कोपरा. जुनं रबर दगड होतं, आक्रसतं, काच आणि पत्रा दोन्ही सोडतं. ते नवं घातलं. दुसरी जागा ड्रायव्हरचं दार. आता दाराच्या काचेवरून थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच, प्रत्येक गाडीत जातं, त्यासाठी दाराला खाली भोकं ठेवलेली असतात. आमची दोन्ही भोकं गच्च बुजलेली. मग पाणी दारात साठायचं आणि उंबऱ्यावरून आत सांडायचं. सळई घालून काढलं तर काळा चिखल, आणि चिखलात बारीक बारीक पानं. कसली पानं ते नंतर सांगते.

पत्र्याचं लांबवत नाही. एकानं सांगितलं, फायबर आणि डांबर थापून देतो, निम्म्या पैशात. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्यानं चांगला पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापला आणि नवा तुकडा वेल्ड केला. त्याआधी बॅटरी सोडवली आणि आतलं जळेल असं सगळं बाहेर काढलं. मग तारेचा ब्रश, गंजावर लावायचं ते द्रावण, रेड ऑक्साइड, जोडांवर सीलर. एक मात्र मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. तळाला कंपनीनंच गोल भोकं ठेवलेली असतात, रबरी बुचांची. वेल्डरला ती बंद करायची फार हौस. मी म्हटलं, ती राहू देत. कधी पाणी भरलंच तर बुच काढून सोडता येतं. जुनी बुचं चिरली होती, नवी बोहरी आळीत मिळाली, एका डब्यात तळाशी.

मग नवं घ्यायचं का जुनंच रंगवायचं, यावर घरात दोन दिवस परिषद. भाचा म्हणाला, कार्पेट रंगवता येतं. येतं, पण कशाचं आहे त्यावर. धागा ओळखायची युक्ती सांगते, तुमच्या दिवाणखान्यातल्यालाही चालेल. चार धागे उपटायचे, वाटीभर पाण्यात टाकायचे आणि बोटानं बुडवून हवेचे बुडबुडे काढायचे. तरंगले तर पॉलिप्रॉपिलीन. ते पाण्याहून हलकं असतं. बुडाले तर नायलॉन नाहीतर पॉलिस्टर. तरंगणाऱ्याला घरचा कुठलाही रंग धरत नाही, फडक्यानं पुसला की जातो. त्याला कारखान्यात धागा ओढतानाच रंग घातलेला असतो. नायलॉन मात्र रंग घेतं. रेशमाला आणि लोकरीला चालतात तेच आम्लाचे रंग, गरम पाणी आणि व्हिनेगर.

आमचं बुडालं. हे खूश, पातेलं शोधायला लागले. माझं पुरणाचं पातेलं, वहिनी! पण मी चिमटीत धरून ओढलं तर कार्पेटची लव हातात आली. पस्तीसेक उन्हाळे त्या काचेमागून सोसलेले, धाग्यात जीवच नव्हता. मेलेल्याला हळद लावून काय उपयोग?

तर नवं. काळी गुंडाळी डिक्कीला वापरली. ती निडल पंचची होती, म्हणजे विणलेली नसते, सुया टोचून टोचून बसवलेला नमदाच तो. स्वस्त, सुटसुटीत, डिक्कीला उत्तम. पायाखाली मात्र दोन पावसाळ्यांत गुळगुळीत होते. आतल्यासाठी मी लूपचं घेतलं, नायलॉनचं, मरूनच. सीटकव्हरवाल्यानं शिवून बसवायचे अठरा हजार सांगितले. मी म्हटलं, मी तीस वर्षं ब्लाउज शिवलेत. माणसाच्या अंगाला बसवता येतं तर गाडीच्या का नाही?

आणि अगदी तसंच आहे ते. गाडीच्या मधून तो उंचवटा जातो ना, ज्याच्याखालून दांडा मागच्या चाकांना जातो, त्यावर सपाट कापड बसतच नाही. घड्या पडतात. तिथे टक्स घ्यावे लागतात. नव्या गाड्यांत कार्पेट तापवून साच्यात दाबून आकाराचंच येतं. आमच्यासारख्याला कापून शिवणं आलं. जुनं कार्पेट मी टाकू दिलं नाही ते यासाठीच. उसवून इस्त्री केलं आणि खाकी कागदावर त्याचं माप काढलं. तेच बेतायचं. पण ते आटलेलं आणि ओढलेलं असतं, म्हणून कडेला तीन बोटं जास्त ठेवून कापायचं आणि गाडीत घालून मग छाटायचं. आणि सगळे तुकडे एकाच दिशेनं. लूपला कल असतो, मखमलीला असतो तसा. कापड वाचवायला एक तुकडा उलटा बेतला की तो निराळ्याच रंगाचा दिसतो. तुमच्या मोठीच्या साखरपुड्याच्या ब्लाउजची ती बाही आठवते? मी नव्हता शिवला तो, म्हणून बोलते.

माझ्या मशीनवर नाही चालली सुई. दोन तोडल्या. आपल्या बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जाड कामाचं मशीन आहे, त्याच्याकडून कडांना रेक्झिनची पट्टी मारून घेतली. दोरा पॉलिस्टरचाच घ्यायला लावला, सुती कुजतो. टाचेखालचा रबरी तुकडा कुठे शिवायचा यासाठी यांना रोजची चप्पल घालून गाडीत बसवलं आणि टाचेभोवती खडूनं रेघ मारली. बूट घालून बसले असते तर दोन बोटं फरक पडला असता, आणि बूट हे वर्षातून दोनदा घालतात.

मग आलं ते महाभारत. मी भाजी आणायला गेले तेवढ्यात यांनी सीटच्या बोल्टांसाठी कार्पेटमधून ड्रिल घातला. लूपचं कार्पेट म्हणजे एकच धागा ओळीनं वर-खाली गेलेला. ड्रिलच्या टोकाला तो गुंडाळला गेला आणि सर्रकन एक ओळ उसवली, पुढून मागच्या सीटपर्यंत. मी आले तर हे हातात ड्रिल, ड्रिलला मरून दाढी. बोलले नाही मी काही. म्हणजे त्या दिवशी नाही.

तो तुकडा परत कापला. बरं तर बरं, अर्धा मीटर जास्त आणलं होतं. मग मी माझ्या पद्धतीनं केलं. खालून दाभण घालून बोल्टाची जागा शोधायची आणि वरून तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवायचं. धागा वितळतो, भोकाची कड आपोआप बंद होते, उसवायचा प्रश्न नाही. दारं सताड उघडी ठेवून हां, धूर वाईट असतो त्याचा. तोच मणी बघा, भाऊजींच्या भोकांना आहे तसा. फक्त हा आपण मुद्दाम केलेला.

बसवताना आधी मधला उंचवटा, मग दोन्ही बाजू त्यावर चढवायच्या. चिकटवायचा डिंक फक्त उंचवट्यावर आणि पुढच्या उभ्या भिंतीवर. दोन्हीकडे लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच दाबायचं, परत सरकत नाही. सपाट तळावर डिंकाचा थेंब नाही. का? पुढच्या पावसाळ्यात मला कोपरा उचलून बघता आला पाहिजे. नमदाही परत घातला नाही. बंद छिद्रांचा फोम घातला, तो पाणी पीत नाही.

आणि शेवटी हे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघायचा, सोडायचा, तो सरळ वर आला पाहिजे. नवं कार्पेट जाड असतं, त्यावर आपण आणखी सुटी मॅट टाकतो, ती सरकते आणि पेडल अडकतं. हसू नका. २००९ साली टोयोटानं अमेरिकेत ३८ लाखांच्या आसपास गाड्यांच्या मालकांना सांगितलं होतं की ड्रायव्हरच्या बाजूची मॅट काढून टाका, पेडल अडकतं म्हणून. आमचा भाचा तेव्हा तिकडेच होता. एवढ्या मोठ्या कंपनीची ती गत, तर नाना पेठेतल्या मॅटचं काय घेऊन बसलात! मी सुटी मॅट टाकूच दिली नाही.

खर्च विचारणारच तुम्ही. पत्र्याचं सोडून सात हजारांच्या आत. काल संध्याकाळी सासूबाईंना बसवून आणलं, पर्वतीपर्यंत. उतरताना म्हणाल्या, वास गेला. मग म्हणाल्या, ब्रेक मात्र अजून नीट लागत नाही.

तो तुकडा द्या परत. हो, ठेवणार आहे जपून. येत्या दिवाळीला सगळे जमले की भाऊजींच्या पाटाखाली घालणार, आसन म्हणून. मी एक अक्षर बोलणार नाही.

आता ज्यासाठी खरं बोलावलं ते. दारात अडकलेली ती बारीक पानं, वहिनी, गुलमोहराची होती. तुमच्या. दुसरं कुणाचं झाड आहे इकडे? ती मधली फांदी बरोबर आमच्या गाडीवर येते, आणि तिची पानं म्हणजे भोकं बुजवायला देवानंच घडवलेली. फुलं संपू देत, आत्ता नका हात लावू, दिसतं छान. पण छाटायला महापालिकेची परवानगी लागते आणि झाड तुमच्या आवारात, म्हणजे अर्ज तुमच्याच नावानं करायला हवा. मी आणलाय भरून. फुली केलीय तिथे सही करा. पेन आहे माझ्याकडे.